'वाराला एक गोळी': मेडिकल दुकानाचा दर्जा नेमका कशात मोजायचा?

मलप्रभाकाठ (१४ जून, रात्री ९:२०)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज पाऊस आहे, लाइट गेलीय, दुकान लवकर बंद केलंय. मोबाइल चाळीस टक्क्यांवर आहे, तेवढ्यात लिहून टाकते.

खानापूर तालुक्यात गेली एकवीस वर्षं मी मेडिकल चालवते. डी. फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) बेळगावचं, रजिस्ट्रेशन कर्नाटकचं. दुकानात मी आणि मदतीला एक पोरगा. तो बैलहोंगलकडचा, घरात कानडी. मराठी गिऱ्हाइकांकडून ऐकून ऐकून शिकलाय. कष्टाळू आहे, हिशेबाला चोख.

मे महिन्यात एका दुपारी बँकेच्या कामासाठी बेळगावला गेले, तीनेक तास. फार्मासिस्ट जागेवर नसताना चिठ्ठीची औषधं द्यायची नसतात, हे मला माहीत नाही असं नाही. तरी शटर उघडं ठेवून गेले. सगळेच जातात, मीही गेले.

त्या दुपारी कणकुंबीकडच्या एका वाडीवरची आजी आली. संधिवात. बेळगावच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलेलं, आठवड्यातून एकदा, चार गोळ्या, म्हणजे महिन्याचं औषध. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे औषध संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, तोंडात फोड येतात, जिवावर बेतू शकतं.

पोरानं चिठ्ठी बरोबर वाचली. गोळी बरोबर काढली, ताकद बरोबर. आणि म्हणाला, "आजी, वाराला एक."

कानडीत वार म्हणजे आठवडा. 'वारक्कोम्मे' म्हणजे आठवड्यातून एकदा. आजीच्या मराठीत वार म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार. वाराला एक म्हणजे रोज एक.

दुसरी चूक तर माझीच. चिठ्ठीत चार गोळ्या होत्या, पोरानं दहाची अख्खी स्ट्रिप दिली. कापलेली स्ट्रिप शेवटी आपल्या अंगावर पडते, हे त्याला मीच शिकवलंय. चारच दिल्या असत्या तर पाचव्या दिवशी आजीचं कुणीतरी "गोळ्या संपल्या" म्हणून आलं असतं आणि तिथंच उलगडा झाला असता.

नवव्या दिवशी नातू आला, आजीचं तोंड आलंय म्हणून लावायचं जेल मागायला. तेव्हा मी काउंटरला होते. आजीला दुसरं काय चालू आहे विचारलं, त्यानं खिशातून स्ट्रिप काढली. एकच गोळी उरली होती. जेल दिलंच नाही. त्याला गाडीत घातलं, वाटेत आजीला घेतलं आणि थेट बेळगाव. सहा दिवस ॲडमिट होती. आता घरी आहे, ठीक आहे.

आता मुद्दा. फेब्रुवारीत आमची तपासणी झाली होती. लायसन्स भिंतीवर, जागा दहा चौरस मीटरपेक्षा जास्त, फ्रिज चालू, कडक नोंद ठेवायच्या औषधांचं एच-वन रजिस्टर पूर्ण, एक्सपायरीचा माल वेगळ्या खोक्यात, बिलबुकं जागेवर. एक शेरा नाही. कागदावर माझं दुकान उत्तम होतं आणि त्याच दुकानातून हे झालं.

म्हणून विचारते. दुकानाचा दर्जा तपासायचा तर नेमकं काय तपासायचं? बाहेरच्या देशांत मेडिकलला ॲक्रेडिटेशन, म्हणजे तपासून दिलेला दर्जाचा दाखला, असतं म्हणतात. त्यात असलं काही पकडलं जातं का?

---

कोगनोळी_टोलनाका (१४ जून, रात्री १०:०५)

ताई, हे लिहिलंसा ते बरं केलंसा. माझंबी दुकान हाय, निपाणीच्या बाजूला. खरं सांगू? अंगावर काटा आला. आमच्याकडं तर उलटं असतं, पोरगं मराठी आणि गिऱ्हाईक रायबागकडचं कानडी.

पण ॲक्रेडिटेशन-बिक्रेडिटेशन म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. सरकारी दर ठरलेल्या औषधांवर आपल्याला सोळा टक्के सुटतात. त्यात भाडं, लाइटबिल, उधारी, वर एक्सपायरी परत घेताना स्टॉकिस्टची नाटकं. दुसरा फार्मासिस्ट ठेवायचा तर त्याचा पगार कुठनं काढायचा? बायको बसते दुकानात, ती काय फार्मासिस्ट न्हवं. मी जेवायला घरी गेलो की तीच देते. खोटं कशाला बोलू.

---

रोखठोक (१४ जून, रात्री १०:३१)

धागाकर्तीचा प्रामाणिकपणा मान्य, पण भाषेचा मुद्दा पुढं करून मूळ गुन्हा झाकला जातोय असं वाटतं. फार्मसी ॲक्ट १९४८ चं कलम ४२ स्वच्छ सांगतं की चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. तुम्ही दुकानात असता तर हे झालंच नसतं. नवे दर्जे कशाला हवेत? आहे तो कायदा पाळा.

महाराष्ट्रात महेश झगडे एफडीए (अन्न व औषध प्रशासन) आयुक्त होते तेव्हा 'फार्मासिस्ट नाही तर विक्री नाही' याची कडक अंमलबजावणी झाली. औषधविक्रेते संपावर गेले, मोर्चे निघाले. इतकं झाल्यावरही आज सीमेच्या दोन्ही बाजूंना सर्टिफिकेट भाड्यानं लावून दुकानं चालतातच. भिंतीवर एकाचा फोटो, काउंटरला दुसराच.

---

मलप्रभाकाठ (१४ जून, रात्री १०:४८)

@रोखठोक, गुन्हा झाकत नाही, म्हणून तर पहिल्यांदा तोच लिहिला. पण मी असते तर झालं नसतं, हे मला इतकं खात्रीनं सांगता येत नाही. संध्याकाळी सातला बेळगावची बस आली की काउंटरला बारा-पंधरा माणसं असतात. तेव्हा मी औषध काढते आणि समजावून पोरगाच सांगतो. मी तीन फुटांवर असते. ऐकते का? नाही.

बॅटरी संपत आली. उद्या.

---

खल_बत्ता (१५ जून, सकाळी ७:१५)

फार्मसी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लायसन्स आणि ॲक्रेडिटेशन यांत लोक गल्लत करतात. लायसन्स हा उंबरठा आहे. तो ओलांडल्याशिवाय दुकानच उघडता येत नाही. १९४० चा औषध कायदा आणि १९४५ चे नियम यांतला बहुतेक भर जागा, साठवण, खरेदीची बिलं आणि रजिस्टर यांवर आहे. आणि ते योग्यच आहे, कारण त्या काळी भीती होती ती नकली आणि भेसळीच्या मालाची. ती आजही संपलेली नाही. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला २०२५ साली खोकल्याच्या औषधानं मुलं दगावली. औषधं बनवून देणाऱ्या फार्मसीत कोणती उपकरणं हवीत, याची यादी परिशिष्ट 'एन'मध्ये आहे. त्यात अजून खल-बत्ता आहे (माझं टोपणनाव तिथूनच). आज कोणत्या मेडिकलात गोळ्या खलतात?

ॲक्रेडिटेशन म्हणजे उंबरठ्याच्या आत आल्यावर घर कसं ठेवलंय ते पाहणं. दुकानदार स्वतःहून पुढे येतो, बाहेरची संस्था ठरलेल्या निकषांवर त्याला तपासते, ठरावीक काळानं पुन्हा तपासते. त्यामागचा जागतिक आधार म्हणजे आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघानं १९९३ साली टोकियोत मांडलेली 'उत्तम फार्मसी व्यवहारा'ची तत्त्वं. पुढे जागतिक आरोग्य संघटना त्यात आली आणि २०११ साली दोघांनी मिळून सुधारित मार्गदर्शिका काढली. आपल्याकडे इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशननंही भारतासाठी तशी मार्गदर्शिका केलेली आहे. हॉस्पिटलातल्या फार्मसीला एनएबीएच या हॉस्पिटलांना ॲक्रेडिटेशन देणाऱ्या संस्थेच्या निकषांत औषध व्यवस्थापनाचं एक अख्खं प्रकरण लागू होतं. गल्लीतल्या दुकानाला मात्र लायसन्सपलीकडे अशा कुठल्या ॲक्रेडिटेशनची सक्ती नाही.

एक दुरुस्तीही करतो. रुग्णाला समजावून सांगणं आपल्या नियमांत नाही असा सूर इथं लागतोय. ते आहे. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स २०१५ काढून वाचा. औषधाचं नाव, डोस, कसं आणि किती दिवस घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, कुठं ठेवायचं, एखादा डोस चुकला तर काय करायचं, हे सगळं फार्मासिस्टनं सांगायचं आहे. पांढरा कोट आणि नावाचा बिल्लाही त्यातच आहे. कोट दिसतो, म्हणून निदान कुणी विचारतो तरी. सांगितलं की नाही हे भिंतीवर टांगता येत नाही.

बाहेरची उदाहरणं दुपारी लिहितो, आता लेक्चर आहे.

---

इन्सुलिनवाला_काका (१५ जून, सकाळी ९:४०)

मी टिळकवाडीत राहतो, गेली बत्तीस वर्षं मधुमेही. फार्मासिस्ट नाही, पण दर्जाबद्दल बोलायचा हक्क माझाही आहे की.

माझी परीक्षा सोपी आहे. इन्सुलिन मागायचं आणि फ्रिज उघडताना आत डोकवायचं. पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, मालकाचा टिफिन दिसला की मी "असू दे, नंतर येतो" म्हणून निघतो. सारखा उघडझाप होणारा फ्रिज दोन ते आठ अंशांत राहीलच कसा? एका दुकानानं मला बर्फ झालेल्या कप्प्यातून काढून दिलं होतं. मी म्हटलं, गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फुकट जातं. तर म्हणतो, "काका, गार हाय न्हवं, मग?"

---

चंदगडी (१५ जून, दुपारी १२:१०)

अवांतर होईल पण विचारतो. आम्ही महाराष्ट्रात, पण बाजार बेळगाव. गडहिंग्लजच्या डॉक्टरांची चिठ्ठी बेळगावात घेतात का? एका दुकानात "दुसऱ्या राज्यातली चालत नाही" म्हणून परत पाठवलं. भाचा कोल्हापुरात डी. फार्म झालाय, त्याला खानापुरात दुकानात बसता येईल का?

---

खल_बत्ता (१५ जून, दुपारी २:३०)

@चंदगडी, अवांतर अजिबात नाही, सीमाभागात हाच रोजचा प्रश्न आहे. औषध कायदा केंद्राचा आहे. नोंदणीकृत डॉक्टरची सही आणि तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, औषध आणि डोस नीट लिहिलेला असेल तर चिठ्ठी गडहिंग्लजची की गोकाकची यानं फरक पडत नाही. भाच्याचं मात्र तसं नाही. फार्मासिस्टची नोंदणी राज्यवार असते. महाराष्ट्राच्या कौन्सिलमधल्या नोंदणीवर कर्नाटकात बसता येत नाही, इथं नोंदणी करून घ्यावी लागते. म्हणजे चिठ्ठीला सीमा नाही, ती वाचणाऱ्याला आहे.

आता बाहेरचं. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते टांझानियाचं उदाहरण. तिथं खेड्यांत फार्मासिस्ट नव्हतेच. साधी औषधदुकानं होती, 'दुका ला दावा बारिदी'. परवानगी फक्त विनाचिठ्ठीच्या औषधांची, पण विकायचे सगळंच. सरकारनं ती बंद केली नाहीत. २००३ साली रुवुमा प्रांतात प्रयोग केला: विक्रेत्याला काही आठवड्यांचं प्रशिक्षण, दुकानाला निकष, तपासणी, आणि त्या बदल्यात ठरावीक अत्यावश्यक चिठ्ठीची औषधं कायदेशीर विकायची मुभा. काउंटरला प्रत्यक्षात जो माणूस उभा आहे त्यालाच शिकवलं. निपाणीच्या वहिनींसारख्यांना, समजा.

थायलंडनंही त्याच सुमारास ऐच्छिक ॲक्रेडिटेशन सुरू केलं, पण तिथं जोर फार्मासिस्टवर. ऑस्ट्रेलियात दुकानदारांच्याच संघटनेनं दर्जाचा कार्यक्रम चालवला आणि त्याला पुढे राष्ट्रीय मानकाचं रूप आलं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. ते सोंगाचं गिऱ्हाईक पाठवायचे. तो साधा माणूस म्हणून यायचा, काहीतरी मागायचा, काउंटरवर काय विचारलं आणि काय सांगितलं ते टिपायचा, आणि मग दुकानदाराला तिथल्या तिथं दाखवायचा. शिक्षा करायला नव्हे, शिकवायला. धागाकर्तीला हवंय ते यातच पकडलं जाईल, एच-वन रजिस्टरात नाही.

---

सीमावासी_८६५ (१५ जून, दुपारी ४:०२)

सगळे मूळ दुखण्याला बगल देताय. महाराष्ट्र मागतोय त्या सीमाभागातल्या ८६५ गावांचा प्रश्न सुटला असता तर त्या आजीला तिच्या भाषेत औषध मिळालं असतं. पाट्या कानडी, फॉर्म कानडी, कचेरीत कानडी. आता औषधही कानडीत खायचं का?

---

गोकाकची_सून (१५ जून, संध्याकाळी ६:२०)

@सीमावासी दादा, राग समजतो, पण हे दोन्हीकडून होतं. माझं माहेर साताऱ्याचं, सासर गोकाकचं, सासूबाई पूर्ण कानडी. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला ॲसिडिटीचा फार त्रास झाला, तो कशानं ते ऐका. मेडिकलवाले अण्णा पेनकिलर देताना म्हणाले, "ऊटद नंतर." ऊट म्हणजे जेवण. मी ऐकलं, उठल्यानंतर! महिनाभर रोज सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी पेनकिलर. पोटाची आग आग. शेवटी सासूबाईंनी एकदा बघितलं आणि कपाळावर हात मारला.

'नंतर' दोन्ही भाषांत तोच ना, म्हणून शंकाच आली नाही. अगदी परका शब्द असता तर मी विचारलं असतं. ओळखीचा वाटणाराच फसवतो.

---

मलप्रभाकाठ (१५ जून, रात्री ९:५५)

@गोकाकची_सून, तुमचा प्रतिसाद मी पोराला वाचून दाखवला. तो आधी खूप हसला आणि मग गप्प झाला. आजीच्या प्रकरणानंतर तो मराठी बोलायलाच घाबरायला लागलाय. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बघतो.

@खल_बत्ता सर, सोंगाचं गिऱ्हाईक ही कल्पना पटली. पण आमच्या गावात कोण सोंग करणार, सगळे सगळ्यांना ओळखतात. :)

---

पुण्यात_बेळगावकर (१५ जून, रात्री ११:१५)

केरळनं अँटिबायोटिकं वेगळ्या निळ्या पाकिटातून द्यायला सुरुवात केलीय. रंग कुणालाही कळतो, भाषा लागत नाही. तसं आठवड्याच्या गोळ्यांना काही करता येईल. नाहीतर क्यूआर स्कॅन केला की मराठीत बोलणारं ॲप.

---

कोगनोळी_टोलनाका (१६ जून, सकाळी ८:०५)

@पुण्यात_बेळगावकर, आजीकडं स्मार्टफोन अस्ता तर तिनं नातवाला कशाला पाठवलं अस्तं ओ? पाकिटाचं बरं हाय पण.

सरांचं टांझानिया वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणते, मला शिकवा की, मी कुठं नको म्हणते. आता मी काय बोलू?

---

रोखठोक (१६ जून, सकाळी ९:३०)

टांझानियात फार्मासिस्टच नव्हते म्हणून ते केलं. आपल्याकडं पायलीला पन्नास डी. फार्म आहेत, नोकऱ्या नाहीत म्हणून बोंब आहे. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सगळीकडं कॉलेजं. माणसं असताना पळवाट कशाला? वहिनींना जरूर शिकवा, पण फार्मासिस्टच्या जागी बसवायला नव्हे.

---

खल_बत्ता (१६ जून, दुपारी १:४५)

@रोखठोक, यात तुमचं बरोबर आहे आणि मी ते स्पष्ट लिहायला हवं होतं. मदतनिसाला शिकवणं हे फार्मासिस्टला पर्याय नाही. पण मदतनीस बोलणारच, हे गृहीत धरून त्यानं काय बोलायचं आणि काय नाही हे ठरवणं, यालाच दर्जा म्हणायचं. 'मी नसताना ही औषधं कपाटातून निघणार नाहीत' अशी लेखी यादी, तीही त्याच कामाचा भाग.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. रोज घेण्याची ही चूक जगभर होते, भाषेचा घोळ नसतानाही. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२० साली सांगितलं की 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर थांबू नका, कोणत्या वारी घ्यायचं ते ठरवा आणि वाराचं नाव पूर्ण लिहा.

---

गोकाकची_सून (१६ जून, दुपारी ३:१०)

अय्या, मग तर सोपंच आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार कानडीतही तेच! नुसत्या 'वारा'नं घोळ केला आणि वाराचं नाव दोघांनाही कळतं.

---

मलप्रभाकाठ (३ ऑगस्ट, रात्री ९:१०)

धागा वर काढते. काय केलं ते सांगायचं राहिलं होतं.

ॲक्रेडिटेशन देणारं इथं कुणी नाही, तर आपलं आपणच तपासावं म्हटलं. तालुक्यातल्या आणखी तीन दुकानांशी बोलले. एकानं हसण्यावारी नेलं, दोघं तयार झाले. महिन्यातून एकदा एकमेकांच्या दुकानात दोन तास बसायचं, काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, बाकावर. सोंग-बिंग नाही. फक्त ऐकायचं आणि लिहून घ्यायचं.

सगळ्यात आधी तोंडघशी पडले ती फ्रिजवरून. काकांचं वाचून कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आणला, तीनेकशे रुपयांत आला. पहिल्याच आठवड्यात एका दुपारी अकरा अंश. लाइट चार तास नव्हती, आणि जांबोटीकडची लाइन पावसात कशी असते ते इकडच्यांना सांगायला नको. इतकी वर्षं फ्रिजचा दिवा लागला म्हणजे फ्रिज चालू, एवढंच मी बघत आले होते. आता सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहितो, आणि गोठवलेल्या जेलच्या पिशव्या तयार ठेवतो. त्या इन्सुलिनला चिकटू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठा. त्या दिवशीचं इन्सुलिन बाजूला काढलं आणि स्टॉकिस्टशी भांडण झालं. तो म्हणाला, तुझं तू बघ. नुकसान सोसलं.

पावसाची दुसरी गोष्ट म्हणजे ओल. आमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना पाणी सुटतं. खालच्या फळीवरचे खोके मऊ पडलेले, एका भिंतीची फळी पूर्ण रिकामी केली. तपासणी फेब्रुवारीत झाली होती, तेव्हा भिंत कोरडी ठणठणीत होती. दर्जा कोणत्या महिन्यात तपासायचा हाही एक प्रश्नच.

आता काउंटर. नियम एकच केला, उलट विचारायचं. औषध दिलं, सांगितलं, की गिऱ्हाइकाला म्हणायचं, "आता घरी जाऊन कसं घ्यायचं, मला सांगा बघू." लोक आधी चिडले. एक गुरुजी म्हणाले, "माझीच परीक्षा घेतेस का गं?" आणि त्यांनीच रक्तदाबाची सकाळची गोळी रात्रीची सांगितली! रागावून पुन्हा बरोबर सांगून गेले. सातच्या बसच्या गर्दीत सगळ्यांना विचारणं जमत नाही, खोटं सांगणार नाही. म्हणून सहा-सात औषधांची यादी केलीय, त्यांना विचारल्याशिवाय सोडायचंच नाही: मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन, रक्त पातळ करायचं औषध, फिटची, थायरॉइडची, दम्याचा पंप. पंप तर हातात देऊन ओढायलाच लावते. निम्मे लोक तो तोंडाशी नेऊन अत्तरासारखा फुसफुसवतात.

चिठ्ठीत असतील तितक्याच गोळ्या. स्ट्रिप कापताना एक्सपायरीची बाजू आपल्याकडं ठेवायची आणि नेणाऱ्याला पाकिटावर तारीख लिहून द्यायची. उरलेले तुकडे माझ्या अंगावर पडतायत, पडू देत.

मी नसले की ती यादीतली औषधं कुलपात, किल्ली माझ्याकडं. आणि @रोखठोक, बँक आता दुकान बंद ठेवून. दोन गिऱ्हाइकं तुटली. समोरच्याकडं कुलूप नसतं.

---

कोगनोळी_टोलनाका (३ ऑगस्ट, रात्री ९:४४)

थर्मामीटर मीबी आणला ताई. माझा तेरा दाखवतोय. नवा फ्रिज बघूलालोय. बायकोनं वही घातलीय, त्यात माझ्या दुपारच्या झोपेचीबी नोंद करते.

---

इन्सुलिनवाला_काका (४ ऑगस्ट, सकाळी ७:०२)

खानापूर लांब पडतं मला, नाहीतर तुमच्याकडंच आलो असतो. आजी कशा आहेत? तो मुलगा बोलतो का आता?

---

मलप्रभाकाठ (४ ऑगस्ट, दुपारी २:२०)

काका, आजी परवाच येऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासून कमी डोसानं पुन्हा सुरू केलंय. मी पाकिटावर 'गुरुवार' लिहायला घेतलं तर म्हणाली, गुरुवारी माझा दत्ताचा उपास, उपाशीपोटी असलं औषध नको गं बाई. मग डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले शुक्रवार चालेल, पण वार बदलायचा नाही.

मग तिनं पोरालाच बोलावलं. "तू लिही," म्हणाली, "तुझं अक्षर मोठं असतं." त्यानं पाकिटावर दोन्ही लिप्यांत लिहिलं आणि तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. देवनागरीत त्यानं 'शुकरवार' लिहिलंय. ते मी तसंच राहू दिलं.